वढूचे ऋतू आणि दोन डोंगर

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने कोरेगाव भीमाला आलं, की तिथून जवळच भीमेच्या काठी वढू बुद्रुक आहे. महाराष्ट्र या गावाला ओळखतो तो छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. शिरूर तालुक्याच्या या पश्चिम टोकाला जमीन सपाट आहे. नदीकाठी काळी कसदार रानं, जरा वर गेलं की मुरमाड माळ. समुद्रसपाटीपासून उंची साधारण साडेपाचशे मीटर. सह्याद्रीची मुख्य रांग इथून पश्चिमेला सत्तर किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि हिमालय तर दीड हजार किलोमीटरच्या घरात. तरीही या गावात पाऊस कधी आणि किती पडणार, थंडी कोणत्या आठवड्यात वाढणार, कांद्यावर गारा पडणार का आणि नदीला पाणी कधी येणार, या सगळ्याची उत्तरं बऱ्याच अंशी त्या दोन डोंगरांकडे आहेत.

बर्फातल्या गावांचं हवामान डोंगर ठरवतो, हे कुणालाही पटतं. काश्मीरमधलं गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधलं औली इथली माणसं बर्फावर घसरायला येणाऱ्या पर्यटकांवर जगतात. हिवाळ्यात बर्फ पडला तर त्यांचं वर्ष चांगलं जातं. सपाटीवरच्या गावाचंही तसंच असतं, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोंगर डोळ्यांसमोर नसतो. या प्रकरणात आपण वढूच्या वर्षाचा माग त्या डोंगरांपर्यंत काढू.

सह्याद्री: पाऊस अडवणारा आणि पाणी पाठवणारा

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे बाष्पाने भरलेले असतात. हजार-बाराशे मीटर उंचीची सह्याद्रीची भिंत आडवी आली, की हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर जाताना हवेवरचा दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात आणि पाऊस कोसळतो. म्हणूनच लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि भीमाशंकरच्या जंगलात तीन हजारांच्या पुढे.

घाटमाथा ओलांडल्यावर हीच हवा पूर्वेकडे खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. तापलेल्या हवेत उरलंसुरलं बाष्प सहज सामावून जातं, ढग विरळ होतात. पुण्यात वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या थोडा वर आहे. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. म्हणजे भीमाशंकरहून पक्षी सरळ उडत वढूला आला, तर सत्तर किलोमीटरांत पाऊस सहा पटींनी घटतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. जुलै महिन्यात इथे उभं राहिलं तर हे नुसतं अंगावर जाणवतं. पश्चिमेचा वारा दिवसरात्र घोंघावत असतो, खालून काळपट ढग पळत असतात, मध्येच भुरभुर येते आणि जाते. बाजरीची पानं ओली होतात, पण ढेकूळ फुटत नाही. घाटात त्याच दिवशी रस्ते बंद झालेले असतात.

मग वढूला पाऊस मिळतो तरी कधी? त्याचं उत्तर शेतकऱ्यांच्या नक्षत्रांत आहे. काश्मीरमध्ये हिवाळा चाळीस, वीस आणि दहा दिवसांच्या तीन भागांत मोजतात. 21 डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ म्हणजे चिल्लई कलां. आपल्याकडे पावसाळा तेरा-चौदा दिवसांच्या नक्षत्रांत मोजतात. मेच्या अखेरीस रोहिणी, 7-8 जूनला मृग, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि शेवटी हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. पर्जन्यछायेतल्या गावासाठी या यादीतली दोन टोकं महत्त्वाची. मधला तरणा-म्हातारा पाऊस घाटाचा, टोकांचा पाऊस आपला.

पहिलं टोक म्हणजे वळीव. एप्रिल-मेमध्ये जमीन तापून निघते, दुपारनंतर हवा उसळी घेते आणि बाष्पाची साथ मिळाली तर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. आधी धुळीचा लोट, मग विजा, मग टपोरे थेंब, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. या ढगाला सह्याद्रीची गरज नसते, तो जिथे तापतो तिथेच तयार होतो. त्यामुळे एका गावाला तो झोडपतो आणि शेजारचं गाव कोरडं ठेवतो. दुसरं टोक म्हणजे सप्टेंबर. तोपर्यंत पश्चिमेच्या वाऱ्याचा जोर ओसरतो, बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून ओल आणतात आणि पुन्हा गडगडाटी ढग उभे राहतात. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सप्टेंबर हा पावसाचा हुकमी महिना मानला जातो तो यामुळे.

इथली जुनी पीकपद्धती या दोन टोकांवरच बेतलेली होती. मृगाच्या ओलीवर हलक्या रानात बाजरी पेरायची. काळं रान मात्र पावसाळाभर मोकळं ठेवून कुळवत राहायचं आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस त्यात जिरला, की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शाळू पेरायचा. खोल काळी माती ती ओल धरून ठेवते, आणि शाळू पुढचे चार महिने जवळपास पावसाशिवाय काढतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेलं मालदांडी हे वाण गेली अनेक दशकं टिकून आहे ते याच गुणावर.

पावसाने पाठ फिरवली तर काय होतं, ते 2023 मध्ये दिसलं. एल निनोचं वर्ष होतं आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशभराचा विचार करता 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. उलट 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मेलाच पुण्यात पोहोचला आणि उन्हाळी पिकं काढायलाही अनेकांना उसंत मिळाली नाही. पर्जन्यछायेत सरासरी हा आकडा फसवा असतो. इथे सरासरीइतका पाऊस पडणारं वर्षच विरळा.

आभाळ कोरडं, नदी दुथडी

वढूचं दुसरं पावसाचं खातं भीमेत आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि 861 किलोमीटरचा प्रवास करून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वढूच्या शेजारी तुळापूरला इंद्रायणी तिला येऊन मिळते. भीमेसोबत भामेचंही पाणी इथवर आलेलं असतं. इंद्रायणी येते लोणावळ्याच्या डोंगरातून, देहू-आळंदी करत. म्हणजे सह्याद्रीच्या दोन फार ओल्या टापूंचं पाणी याच संगमावर एकत्र होतं. जो पाऊस डोंगराने वढूच्या आभाळातून काढून घेतला, त्यातलाच काही हिस्सा तो नदीच्या वाटेने गावाला परत करतो.

जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच एक विलक्षण दृश्य दिसतं. गावात ऊन पडलेलं असतं, बाजरीला पाण्याची ओढ लागलेली असते आणि नदी मात्र गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत असते. चासकमान, भामा आसखेड आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या धरणांमधून एकाच वेळी विसर्ग सुटला, तर संगमाच्या खालच्या गावांना सावध राहावं लागतं. नदीकाठच्या मोटारी वर ओढून घ्यायच्या, जनावरं हलवायची, हा निरोप आभाळाकडे बघून मिळत नाही, तो धरणाच्या क्युसेकच्या आकड्यावरून मिळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हटला, तर दर सेकंदाला दोन लाख 83 हजार लिटर.

बर्फाच्या डोंगराचा आणि सह्याद्रीचा मोठा फरक इथेच आहे. गुलमर्गला हिवाळ्यात पडलेलं पाणी बर्फाच्या रूपात डोंगरावरच राहतं. मार्चपासून ऊन वाढेल तसतसं ते वितळतं आणि झेलमच्या खोऱ्यात उन्हाळाभर थोडं थोडं उतरत राहतं. तिथे डोंगरच पाण्याची साठवण करतो आणि गरज असते त्या महिन्यांत सोडतो. सह्याद्रीला ही सोय नाही. त्याचं सगळं पाणी चार महिन्यांत पडतं. कठीण बेसॉल्ट खडकात ते फारसं मुरत नाही, आणि तीव्र उतारांवरून काही तासांत ओढ्यांमधून नदीत येतं. पूर्वी भीमा उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची ती यामुळे. बर्फाचं काम आपल्याकडे धरणांना करावं लागतं. चासकमानचा उपयुक्त साठा साडेसात टीएमसीच्या, म्हणजे साडेसात अब्ज घनफुटांच्या, आसपास आहे. त्याचा डावा कालवा खेडमधून शिरूर तालुक्यात येतो. पाटाला आवर्तन कधी सुटणार, चारीला किती दिवस पाणी मिळणार, शेवटच्या टोकापर्यंत ते पोहोचणार का, हे प्रश्न इथल्या शेतकऱ्यासाठी हवामानाचेच प्रश्न आहेत.

नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा याच साठवणीचा धाकटा भाग. पावसाळ्यात या बंधाऱ्यांचे गाळे मोकळे असतात, नाही तर पुराच्या लोंढ्यात सगळा बंधाराच जायचा. पाऊस ओसरून नदीचा जोर उतरला, की गाळ्यांमध्ये ढापे टाकतात. दोन ढाप्यांच्या ओळींमध्ये माती भरून फटी बुजवतात आणि मागे पाणी तुंबतं. ढापे टाकायचा आठवडा अचूक साधावा लागतो. लवकर टाकले आणि परतीच्या पावसाने नदीला पाणी आलं तर ढापे वाहून जातात. उशिरा टाकले तर शेवटचं वाहतं पाणी हातचं जातं आणि मार्चमध्येच मोटारी उघड्या पडतात. हस्त संपता संपता घेतलेला हा एक निर्णय ऊस, कांदा आणि गहू यांच्या पुढच्या सहा महिन्यांचं भवितव्य ठरवतो.

हिमालय: थंडीचा दरवाजा

आता दुसरा डोंगर. दिवाळीनंतर वाऱ्याची दिशा बदलते आणि वढूच्या हवामानाची सूत्रं उत्तरेकडे जातात.

गुलमर्गचा बर्फ मोसमी वाऱ्यांनी पडत नाही. तो आणतात पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या या वादळी प्रणाली वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात. ऐन हिवाळ्यात महिन्याला अशा चार ते सहा प्रणाली येतात. हिमालयाला आदळून त्यांतलं बाष्प बर्फ होऊन पडतं. गुलमर्गची उंची साधारण 2,650 मीटर, श्रीनगरपेक्षा हजारएक मीटर जास्त. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून श्रीनगरात पाऊस पडत असताना गुलमर्गला बर्फ पडू शकतो.

झंझावात पुढे सरकला, आकाश निवळलं, की त्याच्या मागून कोरडे थंड वारे उत्तर भारताच्या मैदानात उतरतात. राजस्थान, मध्य प्रदेश, मग खानदेश. नाशिकजवळच्या निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात आणि दोन-तीन दिवसांत पुणे जिल्हा गारठतो. वाटेत त्यांना पूर्ण अडवेल इतका उंच डोंगर नाही. काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी झाल्याची बातमी आली, की पुढच्या आठवड्यात शेकोट्या वाढणार, हे जाणकार शेतकरी सहज सांगतो. त्याचा आडाखा शास्त्राला धरूनच आहे. नवा झंझावात जवळ येऊ लागला, की उलट घडतं. आकाशात ढग येतात, रात्रीची ऊब बाहेर जाऊ शकत नाही आणि थंडी पळते.

हिमालय थंडीला वाट देतो तसा तो तिला अडवतोही. मध्य आशियातली गोठवणारी हवा त्याच्या भिंतीपलीकडेच राहते. आपल्यापर्यंत येते ती तिची धार नसलेली झुळूक. ही भिंत नसती तर दख्खनच्या पठारावर रब्बीचं पीक आज घेतो तसं घेता आलं नसतं. एवढा आडोसा असूनही पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. तो नीचांक अजून मोडलेला नाही.

सपाट दिसणाऱ्या वढूच्या शिवारातही थंडी सगळीकडे सारखी नसते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून घरंगळत नदीकाठच्या सखल रानात साचते. माळावरच्या वस्तीपेक्षा मळीच्या रानात पहाटे दोन-तीन अंश जास्त गारठा असतो आणि धुईही आधी तिथेच धरते. 1 जानेवारीला शेजारच्या पेरणे इथे जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक आदल्या रात्रीपासून येतात. नदीकाठचा तो गारठा त्यांतल्या प्रत्येकाने अनुभवलेला असतो.

या गार रात्रींचं एक फळ हरभऱ्याच्या रानात दिसतं. पहाटे हरभऱ्याचं झाड जवळून पाहा. पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर आणि घाट्यांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. तो नुसत्या दवाचा नसतो. हे केस मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं बाहेर टाकतात, दव त्यांत मिसळतं आणि आंब तयार होते. पूर्वी बायका रात्री धुतलेलं सुती फडकं हरभऱ्यावर अंथरायच्या, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायच्या आणि पोटदुखीला द्यायच्या. हरभऱ्यातून चालून आलं की पायांना चरचर होते ती या आंबेची. दव पडण्याइतकी थंडी आणि निरभ्र आकाश मिळालं तर घाटे भरतात. डिसेंबरात ढगाळ हवा आठवडाभर टिकली तर त्याच रानात घाटेअळी दिसू लागते आणि शेजारच्या कांद्यावर करपा.

महाराष्ट्रात बर्फ पाहायची हौस महाबळेश्वरला थोडीफार भागते. साडेतेराशे मीटरवरच्या या गावात वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी दवबिंदू गोठतात आणि गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. गंमत अशी, की त्या वेळी हवेचं तापमान शून्याखाली गेलेलंच असतं असं नाही. ते चार-पाच अंशही असू शकतं. पण गवताचं पातं आणि गाडीचा पत्रा रात्रभर आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. हा हिमकणांचा थर आभाळातून पडलेला बर्फ नव्हे, तो जागेवर गोठलेला दव आहे.

आभाळातून पडणारा बर्फ

वढूत आभाळातून खराखुरा बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, आणि त्यातही हिमालयाच्या वाटेने येणाऱ्या झंझावाताचा हात असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा झंझावात नेहमीपेक्षा दक्षिणेकडे सरकतो आणि त्याच्यासोबत वरच्या थरांतली अतिथंड हवा मध्य भारतावर येते. खाली जमीन तापायला लागलेली असते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओल आली, की गरम ओलसर हवा खाली आणि गोठवणारी हवा वर अशी स्थिती होते. ढग झपाट्याने उंच वाढतात. ढगातला वर जाणारा झोत पाण्याचे थेंब शून्याखालच्या थरात नेतो, तिथे ते गोठतात आणि झोत त्यांना तोलून धरतो तोवर त्यांच्यावर बर्फाचे नवे थर चढत राहतात. वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार सुरीने मधोमध चिरून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी आणि एक पारदर्शक. थेंब झटकन गोठला तर हवेचे बुडबुडे आत अडकून थर दुधी होतो, सावकाश गोठला तर काचेसारखा. एवढ्याशा गारेत तिचा ढगातला सगळा प्रवास लिहिलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ढग असूनही गारा पडत नाहीत, कारण तेव्हा शून्य अंशांची पातळी पाच किलोमीटरच्या वर असते आणि खालची हवा दमट, उबदार असते. वर तयार झालेला बर्फ खाली येईपर्यंत वितळून जातो. गारपिटीचा धोका म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे नेमका गहू कापणीला, कांदा काढणीला आणि आंबा मोहरात किंवा कैरीवर असताना. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला दिवसामागून दिवस गारपिटीने झोडपलं. ज्यांनी ती पाहिली, ते अजूनही फाल्गुनात ढग आले की आधी कांद्याच्या आरणीवर ताडपत्री टाकतात.

फाल्गुन अमावास्येला वढूत वर्षातली सर्वांत मोठी गर्दी असते. 11 मार्च 1689 या दिवशी संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्या बलिदानाचं स्मरण करायला गावोगावचे लोक समाधीपाशी येतात. दुसऱ्या दिवशी पाडवा. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येणारा हा दिवस थंडी आणि उन्हाळा यांच्या सीमेवर असतो. पहाटे गारवा, दुपारी ऊन चटके देणारं, आणि संध्याकाळी कधी ढगांचा गडगडाट. तिथून पुढे पारा चढतच जातो. शेजारचं तळेगाव ढमढेरे उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या सर्वांत तापणाऱ्या ठिकाणांच्या यादीत वरचेवर झळकतं. समुद्राचा गारवा सह्याद्रीपलीकडे राहतो आणि इथली कोरडी माती चाळिशी ओलांडते.

सिमल्याहून आलेलं ऑफिस

वढूपासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात शिवाजीनगरला एक जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 मध्ये कलकत्त्यात झाली, पुढे त्याचं मुख्यालय सिमल्याला गेलं आणि 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. 1944 मध्ये ते दिल्लीला हललं, तरी पुण्याचं हवामान संशोधनातलं स्थान कायम राहिलं. बर्फाच्या गावातून दख्खनच्या पठारावर झालेला हा प्रवास म्हणजे आपल्या दोन डोंगरांमधला दुवाच आहे.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. 1877 च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली, पुणे जिल्ह्याने तेव्हा फार सोसलं. त्यानंतर सरकारने ब्लॅनफर्ड यांच्याकडे पावसाचा आगाऊ अंदाज मागितला. त्यांनी पाहिलं ते हिमालयातल्या बर्फाकडे. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयात बर्फ फार पडला, तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असं त्यांनी 1884 मध्ये मांडलं. कारणही सरळ होतं. मोसमी वारे येतात ते जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. बर्फ ऊन परावर्तित करतो आणि उरलेली उष्णता वितळण्यात खर्च होते, त्यामुळे जमीन तापायला उशीर होतो. या आधारावर 4 जून 1886 रोजी भारताचा पहिला अधिकृत दीर्घकालीन पावसाचा अंदाज निघाला.

पुढे 1904 मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबातला झोका शोधला. एल निनोचं आजचं गणित त्यावर उभं आहे. बर्फ आणि पाऊस यांचं नातं ब्लॅनफर्डना वाटलं तितकं एकपदरी नाही, हे आता माहीत आहे, आणि अलीकडच्या दशकांत ते सैलही झालं आहे. पण मोसमी पावसाचा विचार हिमालयाला वगळून करता येत नाही, ही त्यांची दिशा बरोबर होती.

आज तो बर्फच बेभरवशाचा झाला आहे. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी माती दिसत होती. 2025 मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. गुलमर्गच्या हॉटेलवाल्याला आणि वढूच्या कांदा उत्पादकाला एकाच प्रणालीच्या लहरीपणाची झळ बसते. झंझावात वेळेवर आला नाही तर तिकडे बर्फ नाही, इकडे थंडी नाही. उशिरा आणि जोरात आला तर तिकडे मार्चमध्ये बर्फ, इकडे गारा.

आपला पाऊस आपण मोजावा

सह्याद्रीचा आणि हिमालयाचा हा हिशेब वढूला रोजच्या व्यवहारात उपयोगी पडू शकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळाइतकंच लक्ष चासकमानच्या साठ्याकडे आणि विसर्गाकडे द्यावं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पश्चिमी झंझावाताची बातमी काश्मीरची म्हणून सोडून देऊ नये, ती आपल्या रब्बीची बातमी आहे. वळवाच्या दिवसांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर असावं, ते जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नये, एवढा एक नियम पाळला तरी जीव वाचतात.

आणि गावाने स्वतःचा पाऊस मोजावा. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक हवामान केंद्र आहे. पण आपण पाहिलं, की इथला पाऊस वळवाचा आहे, तो शिवेवर थांबतो. मंडळाच्या केंद्रावर चाळीस मिलिमीटर पडला तेव्हा आपल्या रानात पाच पडलेला असू शकतो, आणि पेरणीचा निर्णय आपल्याला त्या पाचावर घ्यायचा असतो. साधं पर्जन्यमापक स्वस्तात मिळतं. झाडं आणि भिंती यांच्यापासून दूर, उघड्यावर ते रोवायचं, रोज सकाळी साडेआठला वाचायचं आणि वहीत लिहायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर पडला, तर एकरात एक लाख लिटर उतरलं. हा हिशेब समजला की बांध घालणं, विहीर भरून घेणं, पेरणी धरणं किंवा सोडणं यांचा विचारच बदलतो.

हे काम गावच्या शाळेने हाती घ्यावं. पाचवी-सहावीची मुलं ते सहज करतील, आणि दहा वर्षांनी गावाकडे स्वतःच्या आभाळाचा असा दस्तऐवज असेल, जो कोणत्याही सरकारी केंद्राकडे नाही. डोंगर आपल्या हातात नाहीत, मोजमाप आहे. येत्या रोहिणीच्या आधी पर्जन्यमापक रोवा.